जावईबापूंची परतफेरी

माझा जावई मला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता. कारखान्याची बस चालवतो. मान खाली, बोलणं तोंडातल्या तोंडात, आणि काहीही विचारलं की आधी "सॉरी". मुलीनं हट्टानं केला. पुढे माझे गुडघे गेले आणि मला त्यांच्याकडे राहायला यावं लागलं. म्हणजे हे ध्यान सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर.

मग तो उशिरा यायला लागला. बस आगारात लावायची आणि स्कूटर घेऊन गायब व्हायचं. घरी येताना बुटांना चिखल, तोंड उतरलेलं. मी मुलीला स्पष्ट सांगितलं, "बाई आहे." ती रडत बसली. मी टॅक्सी बोलावली.

आम्ही दोघी मागोमाग गेलो, तर हा पठ्ठ्या बसच्याच रस्त्यानं उलटा निघालेला. प्रत्येक गतिरोधकापाशी उतरत होता. एका ठिकाणी तर गटारात टॉर्च मारून वाकून बघत होता. मुलगी धावली. "काय शोधतोयस?"

"मघाशी इथे धक्का बसला," तो म्हणाला. "कुणी बसखाली आलं असेल तर?"

कुणी आलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा नाही. माझं डोकंच फिरलं. बाई असती तर निदान तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. गटाराशी काय भांडायचं?

पुढच्याच आठवड्यात त्यानं माणसांनी भरलेली बस अर्ध्या वाटेतून मागे वळवली. कामगारांनी तोंड सोडलं. साहेबांनी बजावलं, पुन्हा वळवलीस तर कायमचा घरी बस. तेव्हा कुठे मुलगी त्याला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, म्हणूनच मीही गेले.

ना सुई, ना गोळी, नुसतं बोलणं. बाई म्हणाल्या, अशी खूप माणसं येतात. कुणी लावलेलं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघतं, कुणी हात धूत बसतं. शंका येणं आपल्या हातात नसतं, तिच्या मागे न जाणं शिकता येतं. आधी घरी जमलं की मग बसमध्ये जमेल. "आणि घरच्यांनी अजिबात धीर द्यायचा नाही. आज एकदा 'कुणी आलं नाही' म्हणालात, तर उद्या दहादा विचारतील."

आगारातून सरळ घरी यायचं त्यानं कबूल केलं. पण आल्या आल्या विचारायचा, "नाही ना गं आलं कुणी?" आणि आमची बया लगेच विरघळायची, "नाही रे राजा." घटकाभरानं पुन्हा तेच. मी कपाळाला हात लावला. ज्या माणसाला मी कधी गोड शब्द दिला नव्हता, त्याला धीर न देणं मला काय अवघड?

त्या संध्याकाळी मी मुलीला आत पिटाळलं आणि दारात खुर्ची टाकून बसले. त्यानं स्कूटरची किल्ली उचलली.

"आई, बाजूला व्हा. पुलाजवळ धक्का बसला होता. कुणी आलं नसेल ना?"

"आलंही असेल. मला काय ठाऊक?"

तो पांढराफटक पडला. मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "तुम्ही मला पहिल्यापासून पाण्यात बघता!"

"बघते," मी म्हणाले. "बसा खाली."

"आई, पुरे कर गं!" आतून मुलगी. तिलाही मी गप्प केलं.

तो माझ्या पायांशी फरशीवर बसला. घामानं निथळत होता, किल्ली मुठीत घट्ट. मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. "नाही हो आलं कुणी," अगदी जिभेवर आलं होतं. दात आवळून गिळलं. गुडघे ठणकत होते, तरी हलले नाही.

ताटातलं जेवण निवलं. हळूहळू त्याचा श्वास जागेवर आला. किल्ली त्यानं माझ्या मांडीवर ठेवली.

"उद्या पुन्हा बसाल का?" त्यानं विचारलं. आधी "सॉरी" म्हणाला नाही.

"मला दुसरे उद्योग नाहीत का?" मी फणकारले. "जेवून घ्या आधी."

दुसऱ्या दिवशी फाटकाशी स्कूटर वाजली, तशी मी उठले आणि खुर्ची दाराकडे ओढली.