चाळीस पावलांची सोबत

मलावीतल्या एका गावात मी चर्चच्या पाळकांना उपदेश कसा करावा हे शिकवायला गेलो होतो. माझा आवाज असा, की पहिल्याच धड्याला तीन डोंगरांपलीकडच्या शेळ्यांनी 'आमेन' म्हटलं. खोटं वाटत असेल तर शेळ्यांना विचारा.

वर्गापासून माझी खोली चाळीस पावलांवर. तेवढ्यासाठी बाराही पाळक मला पोचवायला यायचे. "पाहुण्याला एकटं जाऊ देत नाहीत, मास्तर," त्यांच्यातले म्हातारे बांडा म्हणाले.

पोचवायचं म्हणजे काय? रस्ता तर ठाऊकच असतो. पण बायको गेल्यापासून मला कुणी फाटकापर्यंतही पोचवलं नव्हतं. म्हणून मी लबाडी सुरू केली. दाराशी आलं की ओरडायचो, "अरे, चष्मा वर्गातच राहिला!" की सगळी वरात मागे, आणि पुन्हा पुढे. लाल मातीवर तेरा सावल्या.

शेवटच्या दिवशी दाराशी थांबलो, आणि शेळ्यांना ऐकू जाणारा तो आवाज काही फुटेना.

"आज चष्मा नाही विसरलात?" बांडांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"मग माझी टोपी राहिली वाटतं."

टोपी त्यांच्या डोक्यावरच होती. आम्ही तेराही जण ती शोधायला मागे फिरलो.