हातभर निळं कापड

"शेठ, शिवण उसवता येते. भोक नाही."

सुई उजेडात धरून जव्हारचा आमचा म्हातारा शिंपी असं म्हणाला, की आता तासभर काम पुढे सरकत नाही हे गिऱ्हाइकाने ओळखावं. असा एखादा तुमच्याही गावात असेल. सगळे त्याला मास्टर म्हणत.

मी तेव्हा मीठ, गूळ, तंबाखू घेऊन बाजार करायचो. खोडाळ्याला पावसात तंबू लावायचो. तंबूवरची ताडपत्री कुजली आणि एका बाजारी माझं अर्धं मीठ वाहून गेलं. म्हणून मुंबईहून रेनकोटचं निळं, हलकं कापड घासाघीस करून आणलं आणि तंबूवर ताणायची चादर मास्टरला शिवायला दिली.

टाचणी लावली तर तिथून पाणी येईल, म्हणून त्याने वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढून कापड धरलं. आतून त्याची बायको ओरडली, "माझी ओढणी शेजाऱ्याच्या कौलावर गेली."

"शेजारी चांगला आहे, देईल," असं म्हणत मास्टर शिवणीवर मेणबत्ती घासत राहिला.

चादर झाल्यावर ती अंगणात ताणून तो खाली बसला. डोक्यावर पांढरी टोपी. "ओता शेठ. टोपी भिजली तर मजुरी नको."

मी अकरा बादल्या ओतल्या. एवढं पाणी मी घरासाठीही कधी ओढलं नव्हतं. टोपी कोरडीच.

मग मी उरलेल्या कापडाच्या हिशोबावर आलो. माझ्या मापाने हातभर उरायला हवं होतं.

"लागलं," तो म्हणाला.

"कुठे?"

"कामात."

माझं डोकं फिरलं. भर गल्लीत मी त्याला चोर म्हणालो. त्याने टोपी सारखी केली आणि मशीनमध्ये दोरा ओवला.

पुढे कितीतरी वर्षं जामसरपासून मोखाड्यापर्यंत मी ही चोरी सांगत फिरलो, त्याच चादरीखाली कोरडा बसून. दुकानावरून गेलो की तो गंभीर तोंडाने विचारायचा, "शेठ, कापड सापडलं?"

मग माझा मुक्काम मोखाड्याला हलला, जव्हारला जाणं राहिलं. एका पावसाळ्यात खोडाळ्याला वाऱ्याने चादरीचा दोरी बांधायचा कोपरा फाटला. कोपरे जाड होते. आत गोणपाट कोंबलंय असंच मी समजत होतो. आतून घड्या घातलेलं निळं कापड बाहेर आलं. मोजल्याशिवाय चैन पडेना, म्हणून उरलेले तीनही कोपरे उसवले. सगळं मिळून हातभर.

मला भयंकर राग आला. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? चादर काखेत मारून, भांडायचं म्हणूनच जव्हार गाठलं.

मशीन झाकलेलं होतं. त्याची बायको बाहेर आली.

"ते गेले, शेठ. वर्ष होऊन गेलं." मग तिची नजर उसवलेल्या कोपऱ्यांवर पडली. "सापडलं वाटतं."

तिने मशीनवरचं कापड काढलं, दोरीवरचे चिमटे माझ्या हातात दिले. "कोपरा धरा. मी मारते शिलाई. टाचणी लावू नका."

राग अजून आहे. पण तेवढ्यात तिची ओढणी दोरीवरून सुटली आणि शेजाऱ्याच्या कौलांकडे निघाली. मी ओढणीमागे धावलो.