आरपार टाका

दौंडच्या फलाटावर जम्मूकडे जाणारी गाडी लागली, तेव्हा अब्बांनी माझ्या कॉलरवरचा कापसाचा तुसा झटकला. म्हणाले, "ह्यो कापूस आता हितंच सोड. गादीवाल्याचा हायस म्हणून तिकडं सांगत बसू नगंस." कुरकुंभच्या कारखान्यातल्या शिफ्टला वैतागून मी मनालीच्या वर एका कॅम्पवर कामाला निघालो होतो. खोटं कशाला बोलू, मला त्यांचं पटलं होतं. शाळेत पोरं मला 'ए गादी' म्हणूनच हाक मारायची.

शाळेतल्या दोस्तांनो, तुम्ही काही जण दौंडात राहिलात, काही माझ्यासारखे पांगलात. सगळ्यांनाच सांगतो, पुढं काय झालं ते.

पहिल्याच हिवाळ्यात आमच्या मालकांनी, ठाकुरजींनी, लष्करातून बाद झालेल्या स्लीपिंग बॅगांचा ढीग आणला. बर्फात तंबू ठोकून राहणाऱ्या पाहुण्यांसाठी. कापड दणकट, चेन शाबूत, पण आतलं भरण सगळं पायाशी गोळा झालेलं. ठाकुरजी वैतागले. "विंटर कॅम्प कॅन्सल. सब घर जाओ." घर म्हणजे पुन्हा कुरकुंभ! माझ्या तोंडून निघून गेलं, "हमारा खानदानी काम है, मैं बना देता हूँ."

पहिली बॅग उसवली, भरण बोटांनी पिंजलं, सारखं पसरलं आणि गादीला घालतो तसे आरपार टाके घातले. एकदम झोकात. हात बसलेला होता, डोकं चालवायची गरजच वाटली नाही. तशा दहा-बारा करून टाकल्या आणि मग एकीत स्वतः झोपून पाहिलं. जिथं जिथं टाका, तिथं तिथं अंगाला गारठा. दात वाजत होते.

सकाळी अब्बांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले.

"आरं येड्या, गादी अंगाखाली असती, दाबली तरी चालतंय. पांघरूण फुगाया पायजे. टाका आरपार गेला की तिथलं भरण दबतंय, आन् थंडी तिथनंच आत येती. भरण निस्तं अस्तराला टाच. वरचं कापड सुटं ठिव."

सगळ्या पुन्हा उसवल्या. बोटं सोलून निघाली, पण कॅम्प झाला. पाहुणे बर्फात झोपले आणि सकाळी चहा मागत हसत बाहेर आले. आता आसपासच्या कॅम्पवाल्यांच्या बॅगाही माझ्याकडेच येतात. त्यांना टाके दाखवतो आणि कुणाचा मुलगा ते आपणहून सांगतो. ऊर भरून येतो, लपवत नाही.

या जानेवारीत अब्बा आले. मी रूममध्ये हीटर लावून ठेवला होता. ते म्हणाले, तंबूतच निजणार. बॅग उलटीपालटी करून अस्तर चाचपलं. मग आत शिरून चेन वर ओढली.

सकाळी ऊन वर आलं तरी तंबूची चेन उघडेना. रात्री गारठले की काय? धावत जाऊन हाक मारली. अब्बा दचकून उठले, बाहेरचं ऊन बघितलं आणि माझ्यावरच खेकसले, "व्हय रं, एवढी ऊब करत्यात का? उभ्या जन्मात माझी फजर कवा चुकली न्हाई!"

घाईघाईनं वजू करून बर्फाकाठी ते पहाटेची चुकलेली नमाज पढायला उभे राहिले. मीही त्यांच्यामागं चटई घातली आणि उभा राहिलो. दौंड सुटलं म्हणून आजवर जीव तुटायचा. त्या सकाळी नाही तुटला.