वेणूची चौथी हाक

वेणू कोळीण राहायला उरणला, पण तिचा गळा पनवेलच्या मालकीचा. वीस वर्षं ती पाटी घेऊन तिथल्या बिल्डिंगींखाली ओरडत आली आहे: "कोलंबी, कोलंबी, कोलंबी... खेकडं!" पहिल्या तीन हाका पंख्याच्या घरघरीसारख्या विरून जातात, चौथीला खिडक्या उघडतात. पाटीत खेकडे असतीलच असं नाही. कुणी जाब विचारलाच तर ती म्हणते, "खाली आलाव ना? मग कोलंबी न्या."

गेल्या महिन्यात तिच्या नवऱ्याला, काशिरामला, न्यूमोनिया झाला. पनवेलच्या एका दवाखान्यात त्याच्या घशात श्वासाची नळी घातली आणि ती सोसावी म्हणून झोपेचं औषध चालू ठेवलं. भेटीची वेळ दुपारची. वेणू पहिल्या दिवशी "अवो, अवो" करत बसली. दुसऱ्या दिवशी तिने धंद्याची हाक काढली. वॉचमन धावत आला, "मावशी, मासे आत आणायचे नाहीत!" आणि त्याने तिची पिशवी झाडून पाहिली. निघाली फणी आणि केळी.

काशिराम मात्र ढिम्म. चौथ्या हाकेलाही पापणी हलली नाही. वेणूचा धीर सुटला. तिने डॉक्टरला गाठलं. "बाय, माझा मानूस आयकत नाय गो!"

डॉक्टर दिपिका तिच्याजवळ बसली. "मावशी, आवाज कानाला पोचतो. पण या गुंगीत हा तोच आवाज की वेगळा, हे मेंदूला नीट उमगत नाही. तीन कोलंब्या नि एक खेकडा, सगळं एकाच भावात. औषध कमी केलं की बघू."

"म्हंजे गिऱ्हाईक घरात हाय, पन खिडकी बंद."

"अगदी तसंच."

पाचव्या दिवशी औषध उतरवत आणलं. वेणूने पदर खोचला. कोलंबी. काही नाही. कोलंबी. काही नाही. तिसऱ्यांदा कोलंबी. काही नाही. "खेकडं!"

काशिरामच्या कपाळाला आठी पडली.

योगायोग नको म्हणून दिपिकाने पुन्हा हाक द्यायला लावली, तीही उलटी. तीन वेळा खेकडं, कपाळ शांत. मग कोलंबी, आणि आठी हजर!

"छान लक्षण आहे," दिपिका म्हणाली. "शब्द कुठलाही असो, हाक बदलली की त्यांना कळतंय." मग ती म्हणाली, "श्वास असाच चांगला राहिला तर उद्या नळी काढू."

वेणूने डोळे पुसले. "लगेच बोलतील?"

"घसा दुखेल. एक-दोन दिवस हळूहळू बोलतील."

"हळूहळूच बोलू दे बाय," वेणू खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "तवर माझं सगलं सांगून होईल."