के मुका

गेल्या गुरुवारी मुदखेडच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत माझा डेमो होता. डेमो म्हणजे पहिलीच्या मुलांना एक धडा शिकवून दाखवायचा, मागच्या बाकावर प्रिन्सिपल मॅडम बसणार... आवडलं तर नोकरी.

विषय आला तो नेमका माझ्या दुखऱ्या नसेवरचा. के आणि एन या जोडीने सुरू होणारे शब्द. नी, नाइफ, नॉट, नॉक, नो... लिहिताना के लिहायचा आणि बोलताना गिळायचा.

माझं शिक्षण शिरूर अनंतपाळला, मराठी शाळेत. स्पेलिंग पाठ करायची आमची एक रीत होती, दिसेल ते अक्षर मोठ्याने म्हणायचं. वेड-नेस-डे. क-नी-फे. त्यामुळे स्पेलिंग कधी चुकलं नाही, पण जिभेला खोड लागली ती लागलीच. आजही बेसावध असले की गुडघ्याला 'क्नी' म्हणते.

याआधी दोन शाळांनी उच्चारांवरूनच मला परत पाठवलं होतं. आता ही शाळाही गेली तर घरातलं कुणी काही बोललं नसतं, पण मीच पुन्हा कुठे अर्ज केला नसता. मनाशी तसं ठरवूनच टाकलं होतं.

आदल्या दिवशी भाकरी थापता थापता माझं चाललं होतं... नी, नी, नाइफ, नाइफ. सासूबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते) दाराशी पाय पसरून गुडघ्यांना करडईचं तेल चोळत बसल्या होत्या.

"काय पुटपुटून राहिलीस गं माय?"

सांगितलं. गुडघ्याला इंग्रजीत नी म्हणतात, लिहिताना पुढे के लावतात, पण तो बोलत नाही.

"बोलत न्हाई तं खामखा बसवला कशाला?" मग त्यांनाच त्या के ची दया आली. "मुका हाय म्हन की बिचारा. असू दे. मुका हाय म्हनून कुनी पंगतीतून उठवतं का?"

मग मी सगळेच मुके के त्यांना ऐकवले. नाइफ म्हणजे सुरी, नॉट म्हणजे गाठ, नॉक म्हणजे दार वाजवणं. एवढं त्यांनी चालवून घेतलं. नो ला मात्र गाडी अडली. 'माहीत हाय' म्हणायचं असताना तोंडाने 'नो' म्हणायचं, हे काही त्यांना पटेना... खरं सांगू? मलाही अजून पटलेलं नाही.

गुरुवारी वर्गात शिरण्याआधीच मॅडमनी बजावलं, मराठीचा एक शब्दही नको. मी मान डोलावली.

फळ्यावर लिहिलं के, एन, डबल ई. स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, 'नी'. जीभ शहाण्यासारखी वागली. मग म्हटलं, 'के इज सायलेंट.'

आणि अख्ख्या वर्गाने हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं! त्यांच्या दृष्टीने सायलेंट म्हणजे तेवढंच. मी पुन्हा समजावलं, पुन्हा 'सायलेंट' म्हटलं, तर बोटं आणखी घट्ट दाबली गेली.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांवाल्या मुलीने फळ्यावरचं मोठ्याने वाचलं... "क्नी!" माझीच जुनी चूक, माझ्याच सुरात. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही गं बाळा... के मुका!"

झालं. एक नाही, दोन मराठी वाक्यं... मागे बघायची हिंमत होईना.

त्या मुलीने फळ्याकडे पाहिलं. माझ्या गुडघ्यावरच्या हाताकडे पाहिलं. मग आपला पाय बाकावर घेतला, गुडघा खरचटलेला होता, आणि वाकून त्याचा मोठ्ठा मुका घेतला.

तिच्या घरी मुका म्हणजे एकच, पापी! बघता बघता सगळा वर्ग आपापल्या गुडघ्यांचे मुके घेऊ लागला. ज्यांचं तोंड पोचेना त्यांनी शेजाऱ्याचा गुडघा पकडला.

मॅडम उठल्या. मला वाटलं, आटोपलं. त्यांनी फळा पुसला, खडू त्या मुलीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "राइट नी."

पोरीने आधी खडूचा मुका घेतला, मग लिहिलं... के, एन, डबल ई. मागून सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "नी!" के चा मागमूस नव्हता कुणाच्या तोंडात. मॅडम एवढंच म्हणाल्या, कळवते.

शनिवारी दुपारी फोन आला. पहिलीचा वर्ग मला दिलाय. वर्गात मराठी नको हा नियम कायम... "तो एक शब्द सोडून," मॅडम म्हणाल्या, आणि फोनवरही त्यांचं हसू लपलं नाही.

मी फोन ठेवला आणि आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले. वर्गातला किस्सा त्यांना गुरुवारीच सांगितला होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. आता त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि आपला गुडघा थोपटला. "मंग ह्या नीनं काय घोडं मारलंय?"

बी.एड.ची दोन वर्षं मी पहाटेच्या गाडीने नांदेडला जात होते. चूल, पाणी, माझी लेक, सगळं याच गुडघ्यांवर चाललं... आणि दुखतंय म्हणून त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत.

मी तिथेच बसले आणि त्या गुडघ्याचा मुका घेतला.

"येडी हाय का, तेल लागंल की तोंडाला," म्हणाल्या. पण पाय काही मागे घेतला नाही.