काकांची बोट मधेच का थांबायची

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, एक्केचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की काकांना पोट आत घ्यावं लागे. तिथे बसून त्यांनी अर्ध्या गावाची वेळ सांभाळली, आणि आपल्या हातून काही चुकू शकतं ही शक्यताच हळूहळू त्यांच्या डोक्यातून निघून गेली. दुकान कायमचं बंद केल्यावर माणसं बाग करतात, फिरायला जातात. काकांनी मोटरबोट घेतली.

बोट माझ्याहून वयाने मोठी होती. लाकडी, पाच माणसांची, मागे लटकवलेलं जुनं पेट्रोल इंजिन आणि मागच्या बाकाखाली कायमची बसवलेली पत्र्याची टाकी. विकणारा म्हणाला होता, "इंजिन म्हातारं आहे, पण प्रामाणिक आहे." या एका वाक्यावर काका खूश झाले. महिनाभर घासून, रंगवून त्यांनी ती अशी चकचकीत केली की मावशीने विचारलं, "आता हिच्यात बसायचं, की हिला कपाटात ठेवायचं?"

मग ती बंद पडायला लागली.

बंद पडण्यातही तिची शिस्त होती. धक्क्यावरून झोकात निघायची, दहा-बारा मिनिटं उत्तम चालायची आणि तलावाच्या मध्यावर दोन आचके देऊन गप्प व्हायची. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू व्हायची, की पाच मिनिटांत पुन्हा गप्प. इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नाही, हे काकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि ते अगदी बरोबर होतं. का पोचत नाही, एवढंच काय ते राहिलं होतं.

काकांनी कार्बोरेटर घरी आणला. जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल पसरून, डोळ्याला भिंग लावून त्यांनी तो घड्याळासारखा खोलला. त्यातली केसाएवढी भोकं साफ केली, जोडला, बोट काढली, बंद पडली. पुन्हा खोलला. असं सात वेळा झालं. मावशी आणि मी ते सगळे दिवस ओट्यापाशी उभ्याने जेवलो. मग काकांनी पेट्रोल गाळायची जाळी बदलली. पंपातला पातळ पडदा बदलला. टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवर एक रबरी फुगा असतो, तो हाताने दाबला की पेट्रोल पुढे सरकतं. बोट बंद पडली की हा फुगा चोखलेल्या आंब्यासारखा चपटा झालेला असायचा. "रबर थकलंय," म्हणून काकांनी नवा फुगा आणला. तोही चपटा झाला. "हल्ली रबरातही दम राहिला नाही," काका म्हणाले.

या सगळ्यात एक माणूस त्यांना फार सलायचा. तलावावर प्रवासी लाँच चालवणारा एक गृहस्थ होता. काका त्याला पाण्यात बघायचे, आणि नेमका तोच त्यांना दर वेळी पाण्यात भेटायचा. दोर टाकून बोट ओढत आणताना तो एवढंच विचारायचा, "काय घड्याळजी, किती वाजले?" काका मान ताठ ठेवून खरी वेळ सांगायचे, सेकंदासकट. मग धक्क्यापर्यंत त्याला कार्बोरेटर समजावून सांगायचे.

एका रविवारी पलीकडच्या काठावर मोठ्या मावशीच्या सत्तराव्या वाढदिवसाचं जेवण होतं. बसने वळसा घालून दीड तास लागतो. काका म्हणाले, "बोटीने पंचवीस मिनिटं." मावशीने माझ्याकडे पाहिलं, मी मावशीकडे पाहिलं, आणि आम्ही बसलो. मावशी ठेवणीतल्या कपड्यात, मांडीवर केकचा खोका.

बाराव्या मिनिटाला दोन आचके आले.

काकांनी शांतपणे खिशातून भिंग काढलं. ते पाहून मावशीचा धीर सुटला.

"अहो, पेट्रोल तरी आहे ना त्यात?"

"सकाळीच भरलंय."

"तरी बघते." केक माझ्या हातात देऊन तिने बाकाखाली वाकून टाकीचं झाकण फिरवलं.

टाकीने स्स्स करून मोठा श्वास घेतला. पत्रा टण्ण वाजला. आणि माझ्या पायाशी पडलेला तो चपटा फुगा हळूच गोल झाला.

"काका, फुगा भरला," मी म्हणाले.

"योगायोग," काका म्हणाले. पण दोरी ओढल्याबरोबर इंजिन सुरू झालं.

मावशीने झाकण लावलं. दहा मिनिटांनी पुन्हा आचके. तिने पुन्हा उघडलं, पुन्हा स्स्स, पुन्हा सुरू. या वेळी काका योगायोग म्हणाले नाहीत.

"मग उघडंच ठेवू की," मावशी म्हणाली.

"उघडं ठेवायचं नाही. वाफ आणि ठिणगी एका बोटीत नको," काका म्हणाले. हेही बरोबर होतं. हे त्यांचं मोठं दुःख होतं, की ते सारखे बरोबर होते.

पलीकडे पोचल्यावर मावशी उतरायचं नाव घेईना. "तेलाच्या डब्याला आपण भोकं किती पाडतो?"

"दोन."

"एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. हिचं दुसरं कुठे आहे?"

काका गुडघ्यावर बसले. टाकीच्या माथ्यावरून एक बारीक नळी निघत होती. तिच्यावरून हाताचं बोट फिरवत ते बोटीच्या कडेपर्यंत गेले. मग खाली उतरून त्यांनी बाहेरची बाजू चाचपली. तिथे निळा रंग होता, आरशासारखा गुळगुळीत. त्यांनी तिथे नखाने खरवडून पाहिलं.

"इथे भोक होतं," शेवटी ते म्हणाले.

"मग गेलं कुठे?"

"मला वाटलं, किड्याने पोखरलंय. मी लांबी भरून ते बुजवलं. दोनदा. वर रंगाचे तीन हात दिले."

मावशी हसली नाही, आणि त्यासाठी तिला किती कष्ट पडले ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. काकांनी सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर काढून, स्वतःच्या हाताने केलेला तो सुंदर रंग कोरायला घेतला.

जेवताना मोठ्या मावशीने विचारलं, "झाली का बोट दुरुस्त?" काकांनी घास खाली ठेवला. "बिघडवली मी होती," ते म्हणाले, "दुरुस्त हिने केली." एक्केचाळीस वर्षांत असं वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. मावशीने त्यांना घाईघाईने पाणी वाढलं. परतताना बोट एकदाही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःहून लाँचवाल्याकडे गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"फुगा चपटा झाला की टाकीकडे बघायचं," तो म्हणाला. "मला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तीनदा तोंड उघडलं. तीनही वेळा तुम्ही मला कार्बोरेटर शिकवलात."

काकांनी यावर विचार केला आणि त्याला चहा पाजला. आता ते दोघे धक्क्यावरच्या बाकावर बसतात आणि इतरांच्या इंजिनांची निंदा करतात.

बोट मावशी चालवते. मोठ्या बहिणीकडे जायला तिला आता कोणी लागत नाही. ती निघाली की काका उगाच दोर गुंडाळत उभे राहतात, ती पलीकडे टेकेपर्यंत. बोट मधे थांबत नाही, तो दोर कधी लागत नाही, याचं त्यांना थोडंसं वाईटच वाटतं असा मला संशय आहे.