पुढच्या भागाची वाट

भाजलेल्या काजूबियांचा वास आला की आजही माझे पित्त खवळते. जमिनीच्या कायद्यांविषयी मी सोप्या मराठीत ब्लॉग लिहीत असे. वाचक थोडे, परंतु नेमके प्रश्न विचारणारे. ते वाढवण्याचा विडा माझ्या पुतण्याने उचलला आणि लेख चढवण्याचे काम मी त्याच्यावर सोपवले. काही आठवड्यांनी चंदगडहून एसटीने एक विधवा बाई लेखाखालचा पत्ता शोधत घरी आली. टेबलावर भाजलेल्या काजूबियांची पुरचुंडी ठेवून म्हणाली, "दादा, दिरानं माझं नाव वगळून वारसनोंद घातलीया. हरकत कुठं द्यायची ते पुढच्या भागात सांगणार हुता न्हवं? रोज फोन उघडून बघतोय की मी." मी ब्लॉग उघडून पाहिला. नोटिशीनंतर पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी, हे मी स्पष्ट लिहिले होते. पुतण्याने लेख मधोमध तोडून नेमके तेच वाक्य पुढच्या भागासाठी राखून ठेवले होते. मुदत टळली होती, नोंद मंजूर झाली होती. जाब विचारताच तो मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, सगळं एकदम सांगितलं तर लोक परत कशाला येतील? हे बघा, चंदगडचा एक वाचक तर रोज येतोय!" "तो वाचक तुझ्यासमोर बसला आहे, नालायका!" मी गरजलो. अपिलाचा मसुदा मी तिथेच लिहून दिला. ते अपील प्रांताधिकाऱ्यांकडे अद्याप सुनावणीविना पडून आहे, आणि पुतण्या मात्र हल्ली वाचक कसे टिकवावेत, याचे वर्ग घेतो.